नाक मोकळं झाल्यावर

३ फेब्रुवारी

ताई,

फोनच करणार होतो. पण तुझा डावा कान आणि माझं बंद नाक यांचं काही जमत नाही. मी "नको" म्हणतो ते "दको" होतं, तुला ते "दोघं" ऐकू येतं आणि तू दोघांचं तिकीट काढून मोकळी होतेस. त्यापेक्षा पत्र बरं.

बातमी अशी की येत्या नऊ तारखेला मी नाकाचं ऑपरेशन करून घेतोय. घाबरू नकोस, जिवावरचं काही नाही. दोन्ही नाकपुड्यांत आत मऊ कोंब वाढलेत. डॉक्टरीणबाईंनी बारीक नळी घालून पडद्यावर दाखवले. द्राक्षांचा घड असावा तसे दिसतात. अकरा वर्षं ठाण मांडून बसलेत. ते काढायचे, मधला पडदा वाकडा आहे तो सरळ करायचा, दोन दिवस दवाखान्यात राहायचं आणि घरी यायचं.

दुकानावर पाटी लावली आहे. चष्मे दुरुस्तीला टाकलेल्या सगळ्यांना कळवलं. शेजारचे मास्तर सोबत येणार आहेत. तेच मागे लागले होते, म्हणतात की भिंतीपलीकडून माझं घोरणं ऐकू येतं. म्हणून करतोय, दुसरं काही नाही.

तू येऊ नकोस. भावोजींचं मांडीचं हाड आत्ता कुठे जुळतंय, त्यांना टाकून निघालीस तर मला दोन आजारी माणसांचं पाप लागेल.

तुझा,
बारक्या

७ फेब्रुवारी

बारक्या,

पत्र वाचलं, भावोजींनाही मोठ्यानं वाचून दाखवलं. ते म्हणाले, "जन्मभर दुसऱ्यांच्या नाकावर चष्मे बसवले, आता स्वतःच्या नाकाची पाळी आली." मला हसू आलं नाही.

एक विचारते, राग मानू नकोस. चिमणी अकरा वर्षं तुझ्या मागे लागली होती, ऑपरेशन करून घ्या, करून घ्या. मी स्वतः माझ्या कानांनी ऐकलंय, तेव्हा दोन्ही कान चांगले होते माझे. तू नाकावर माशी बसू दिली नाहीस. सुरीचं नाव काढलं की जेवणावरून उठायचास. आता तुझी बायको जाऊन आठ महिने झाले, घरात घोरणं ऐकायला कुणी उरलं नाही, आणि आता तुला नाक आठवलं? ते मास्तरांचं कारण दुसऱ्या कुणाला सांग.

लिहून गेले. खोडत नाही.

पस्तीस वर्षं दवाखान्याच्या कपडेखात्यात काढलीत मी, नाकाचे पेशंट पुष्कळ पाहिलेत. त्यांच्या उशांचे अभ्रे सगळ्यात वाईट निघायचे. म्हणून सांगते, जुने अभ्रे घेऊन जा. आणि रक्ताचा डाग गार पाण्यात भिजव, गरम पाण्यात टाकलास तर जन्माचा बसेल.

ताई

२० फेब्रुवारी

ताई,

झालं. जिवंत आहे.

भूल उतरली तेव्हा पहिल्यांदा वाटलं की माझ्या चेहऱ्यावर कुणीतरी बसलंय. दोन्ही नाकपुड्या कापसाच्या बोळ्यांनी ठासून भरलेल्या. बाहेर, जिथे मिशी असते तिथे, एक पट्टी, ती दर तासाला लाल व्हायची आणि नर्स बदलायची. पाठ टेकून झोपायचं नाही, तीन उशांवर बसल्यासारखं पडायचं. श्वास फक्त तोंडानं. जीभ सुकून चामड्यासारखी झाली. घोट गिळला की कानात फट्ट आवाज व्हायचा, आणि वरचे पुढचे दात असे बधिर, की कुणा दुसऱ्याचे आपल्या तोंडात बसवलेत असं वाटायचं.

वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडून शिंकायचं. मी तसा शिंकलो तेव्हा शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला.

दोन दिवसांनी बोळे काढले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दीर्घ श्वास घ्या, थोडं ओढल्यासारखं वाटेल." ताई, थोडं? जादूगार रुमाल काढत राहतो तसं ते निघतच राहिलं. मला वाटलं आता मेंदू बाहेर येणार. डोळ्यांतून पाण्याच्या धारा. मास्तर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. आणि मग एकाएकी थंडगार हवा आत शिरली, पार कपाळापर्यंत. हवा अशी असते हे मी विसरून गेलो होतो.

आता घरी आहे. दिवसातून चार वेळा मिठाच्या पाण्यानं नाक धुतो. एका नाकपुडीतून घालायचं, दुसरीतून खपल्या आणि काळं रक्त घेऊन बाहेर येतं. चष्मा घालता येत नाही, नाकाचा दांडा हात लावू देत नाही. म्हणून कपाळाला चिकटपट्टीनं अडकवलाय. चष्मेवाल्याची ही दशा.

वास अजून कसलाच येत नाही. येईल म्हणतात.

तू विचारलंस त्याचं उत्तर नंतर लिहीन.

बारक्या

२७ फेब्रुवारी

बारक्या,

तुझं पत्र वाचून मी तीनदा शिंकले, तोंड उघडून. भावोजींना वाटलं मलाच काहीतरी झालं.

जेवतोस ना? वास नसला की चव नसते आणि चव नसली की माणूस ताटावरून उठतो. तुझं पहिल्यापासून हेच. अकरा वर्षं ताटात काय आहे ते तुला चिमणीच सांगायची, ते आठवतं. "आज आलं जास्त पडलंय हो," असं म्हणाली की तू म्हणायचास, "हो, तिखट लागलं." बिचारी हसायची.

मऊ भात खा, कोमट खा. नंतर लिहितो म्हणालास ते नंतर कधी?

ताई

१५ मार्च

ताई,

वास आला!

परवा दुकान उघडलं. काचा घासायच्या चाकावर पाणी सोडलं, भिंग धरलं, आणि नाकात काहीतरी शिरलं. ओली माती, विस्तव आणि लोखंड एकत्र केल्यासारखं. मी चाक बंद केलं. वाटलं काहीतरी जळतंय. मग कळलं, हा काच घासण्याचा वास आहे. तीस वर्षं हे काम करतोय आणि मधली अकरा वर्षं तो वास माझ्यासमोर रोज होता. त्यानंतर दोन दिवस वेड्यासारखा हुंगत फिरलो. स्पिरिट, रबर, मास्तरांचं डोक्याचं तेल, जुनी वर्तमानपत्रं. बसमध्ये एका माणसाच्या इतका जवळ गेलो की तो जागा बदलून बसला.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. हसू नकोस आणि कुणाला सांगू नकोस.

ती गेल्यावर मला तिचा चेहरा आठवतो, आवाज आठवतो. जिन्यावरून येताना चपला कशा वाजायच्या तेसुद्धा. वास आठवत नाही. लग्न झालं तेव्हा माझं नाक चांगलं होतं, म्हणजे पंधरा वर्षं मी तो घेतला असणार. पण आठवायला गेलो की तिथं काहीच नाही, कोरी जागा आहे.

तिचा निळा स्वेटर आहे, शेवटच्या महिन्यात उन्हाळ्यातही थंडी वाजायची म्हणून अंगातून काढत नव्हती तो. ती गेली त्या दिवशी मी तो एका पिशवीत घातला, गाठ मारली आणि कपाटाच्या खालच्या खणात ठेवला. तेव्हापासून ती पिशवी उघडली नाही. उघडली तर वास उडून जाईल, आणि मला तर येणार नाही, मग कशाला उघडायची? म्हणून ऑपरेशन केलं. सुरीला भिणारा मी. ती होती तोवर अकरा वर्षं तिच्यासाठी केलं नाही, आणि आता एका स्वेटरसाठी केलं.

डॉक्टरीणबाई म्हणतात अजून दोन आठवड्यांनी शेवटच्या खपल्या निघतील. त्या निघाल्या की पिशवी उघडणार आहे. अर्ध्या नाकानं नाही, पूर्ण नाकानं.

तुझा,
बारक्या

२१ मार्च

बारक्या,

पत्र मिळालं. वास आला हे फार चांगलं झालं.

इकडे सगळं ठीक आहे. भावोजी काठी घेऊन दारापर्यंत जाऊन येतात. दवाखान्यातून मला अजून बोलावणं येतं, नव्या बायकांना चादरींच्या घड्या शिकवायला.

मला वाटतं तू ती पिशवी उघडू नयेस. गेलेल्या माणसाच्या वस्तूंशी फार खेळू नये. आहे तसं राहू दे. आणि वास असा नऊ-नऊ महिने टिकतो असंही नाही, मी कपड्यांतली बाई आहे, मला माहीत आहे. उघडलीस आणि काही नसलं तर उगीच जिवाला लागेल.

बाकी काय लिहू. मीठ-पाणी चालू ठेव.

ताई

३ एप्रिल

ताई,

तू नको म्हणालीस तरी उघडली.

खपल्या निघाल्या, डॉक्टरीणबाईंनी आत पाहून "अगदी स्वच्छ" म्हटलं. घरी आलो, हात धुतले, खिडक्या लावल्या, पलंगावर बसलो. तू हसशील, पण केस विंचरले. गाठ सोडवायला वेळ लागला. स्वेटर चेहऱ्यावर धरला आणि श्वास ओढला.

साबण. फक्त साबण, आणि त्यामागे डांबरगोळ्यांसारखं काहीतरी.

पुन्हा धरला, कॉलरपाशी, मग काखेत. लाज वाटली नाही. साबणच.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मला वाटलं त्या वेड्यात काढतील, पण त्यांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, वासाची नस बरी होताना काही दिवस गोंधळते. एकाला कॉफीचा वास रबरासारखा येतो, दुसऱ्याला फुलांचा साबणासारखा. काही वास लवकर येतात, काही वर्षभरानं. धीर धरा, रोज थोडा सराव करा.

म्हणजे वास तिथं आहे, ताई. माझं नाक अजून खोटं बोलतंय, एवढंच. आता रोज सकाळी दुकानात जायच्या आधी पिशवी उघडतो, दोन श्वास घेतो आणि लगेच गाठ मारतो. जपून वापरायला हवा. एक वर्ष लागलं तरी चालेल. अकरा वर्षं तिनं वाट पाहिली, मी एक वर्ष पाहीन.

बारक्या

९ एप्रिल

बारक्या,

हे पत्र मी चार दिवस लिहितेय. भावोजी म्हणाले, लिहू नकोस, त्याला आशा आहे तर राहू दे. मी पण तसंच ठरवलं होतं. पण तू रोज सकाळी पिशवी उघडतोस, दोन श्वास घेतोस, हे डोळ्यांसमोरून हलत नाही. वर्षभर तू असं करशील आणि मी इथं बसून पाहीन, हे मला जमणार नाही.

तुझं नाक खोटं बोलत नाही. खोटं मी बोलले.

मागच्या जूनमध्ये चिमणी गेली आणि मी तुझ्याकडे तीन आठवडे राहिले. तू तिच्या दाखल्यासाठी कचेरीत गेला होतास तो दिवस. घरात आजारपणाचा वास भरला होता. औषधं, ओकारी, घाम. तुला येत नव्हता, मला येत होता. मला वाटलं, हा वास घालवला तर माझ्या भावाला जरा बरं वाटेल. तुला तो येतच नाही हे त्या वेळी माझ्या डोक्यातच आलं नाही. मी सगळं काढलं, पडदे, चादरी, तिच्या साड्या. खालच्या खणात पिशवी मिळाली. गाठ सोडली, स्वेटर काढला, दवाखान्याच्या साबणात भिजवला, दोन पाण्यांत खळबळला, सावलीत वाळवला. घडी घालून डांबरगोळी टाकून परत त्याच पिशवीत ठेवला आणि तुझ्यासारखीच गाठ मारली. तू आलास तेव्हा तो दोरीवरून उतरवून झाला होता. घरभर साबणाचा वास होता आणि तू म्हणालास, "दमलीस ग ताई, बस जरा." तुला काहीच कळलं नाही.

मला वाटलं मी चांगलं काम केलं. नऊ महिने मला तसंच वाटत होतं. तुझं मार्चचं पत्र आलं तेव्हा मी मोरीत जाऊन बसले.

काय म्हणू? माफ कर म्हणायलाही तोंड नाही.

ताई

३० एप्रिल

बारक्या,

तीन आठवडे झाले. मास्तरांना फोन केला, त्यांनी सांगितलं तू दुकानात जातोस-येतोस. म्हणजे ठीक आहेस.

शिव्या दे, पण लिही.

ताई

२१ मे

ताई,

तीनदा लिहायला घेतलं आणि फाडलं. त्यात काय होतं ते तुला कळायला नको.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी स्वेटर पिशवीतून काढला आणि खुर्चीच्या पाठीवर टाकला. अजून तिथंच आहे. आता जपायचं काय कारण? त्या आधीचे आठ-दहा दिवस मी रोज सकाळी हुंगत होतो तो साबण होता. तुझ्या दवाखान्याचा साबण. त्याला मी डोळे मिटून "थांब, येशील तू" म्हणत होतो.

मला तुझा राग आला. अजून आहे. तुझ्या हातांना चैन नसते, लहानपणी माझ्या पतंगाचा मांजा तू असाच "मळला" म्हणून धुतला होतास. पण राग धरून बसलो की शेवटी स्वतःशीच येऊन थांबतो. तू एक दुपार धुतलंस. मी अकरा वर्षं नाक बंद ठेवून तिच्या शेजारी झोपलो. त्या प्रत्येक दिवशी तो वास हाताच्या अंतरावर होता. भीती वाटत होती म्हणून घेतला नाही. यात तू कुठे आहेस?

आता एक कर. तुला नाक होतं. तिला तू सव्वीस वर्षं ओळखत होतीस, मिठी मारायचीस, तिच्याशेजारी झोपायचीस. मला लिहून सांग तिचा वास कसा होता. गोड करून सांगू नकोस. होता तसा सांग.

बारक्या

२९ मे

बारक्या,

सांगते. होता तसाच सांगते.

ती वह्या बांधायच्या कारखान्यात होती, तेव्हा पहिला वास खळीचा. शिजवलेल्या पिठाची, जरा आंबूस. बोटांना, पदराला, कोपरापर्यंत. त्याखाली नव्या कागदाचा, कोरडा. केसांना तेलाचा नाही, ती तेल लावत नसे, केसांना नुसता उन्हाचा असायचा, वाळत घातलेल्या कपड्यासारखा. गळ्यापाशी घामाचा. वाईट नाही, पण होता. ती आली की खोलीत कुणीतरी काम करून आलंय हे कळायचं. फुलाबिलांचा काही नाही रे. तिला तो आवडायचा नाही, घरी आल्या आल्या हात घासायची.

आणि एक राहिलंय, ते मागच्या पत्रात लिहायचं धाडस झालं नाही. तो स्वेटर पाण्यात टाकायच्या आधी मी नाकाला लावला होता. सवय आहे, किती साबण लागेल ते बघायची. वरवर औषधंच होती. पण कॉलरच्या आत, मानेपाशी, ती होती. खळ नाही, कागद नाही, तीच. मला रडू आलं. मग वाटलं, रडत बसले तर काम कधी उरकेल, आणि बादलीत बुडवला.

तर तो शेवटचा मी घेतला, बारक्या. तुझा होता तो.

ताई

१२ जून

ताई,

काल तिला जाऊन वर्ष झालं. दुकान बंद ठेवलं आणि तिच्या कारखान्यात गेलो. तुझं पत्र खिशात होतं. वाटलं, खळ तरी मिळेल.

पहिल्यांदाच आत गेलो. लांब खोली, दोन्ही बाजूंना बाकं, बायका दाभणानं वह्या शिवतायत. मुकादमबाईंनी ओळखलं. मी सांगितलं, मला फक्त खळीचा वास घ्यायचाय. त्यांनी का ते विचारलं नाही. म्हणाल्या, "अहो, शिजवलेली खळ बंद झाली. हिवाळ्यापासून तयार डिंक येतो." डबा उघडून दाखवला. त्याला औषधाच्या दुकानासारखा वास होता. मी डबा परत केला.

त्यांनी स्टूल दिलं. तिच्या जागी एक नवी बाई बसली होती, ती उठायला लागली, मी बसवलं तिला. मग चहा आला आणि बायका तिच्याबद्दल बोलायला लागल्या. ती माझ्या घोरण्याची नक्कल करायची म्हणे, अख्खी खोली हसायची. मी म्हटलं, माझं नाक बंद होतं म्हणून तिला फार त्रास झाला. ऑपरेशन आधी करायला हवं होतं.

तेव्हा कोपऱ्यातली एक म्हातारी, चष्मा माझ्याच दुकानातला, शिवण न थांबवता म्हणाली, "त्रास कसला? आमचे नवरे दारातच म्हणायचे, आधी ती आंबूस खळ धुऊन ये. ती म्हणायची, माझ्या नवऱ्याला वासच येत नाही, तो तसाच जवळ घेतो. डॉक्टरकडे जा म्हणून मी मागे लागते खरी, पण मनातून वाटतं, नाही गेला तर बरं."

ताई, अकरा वर्षं. हे तिनं मला कधी सांगितलं नाही.

भावोजींना प्रवास झेपेल तेव्हा तुम्ही दोघं या. राग आहे अजून, पण तू समोर असताना तो मला जास्त वेळ धरता येत नाही.

काल ते ऐकून मी त्या स्टुलावरच बसून राहिलो. रडू आलं ते आवरलं नाही. बायकांनी माना वर केल्या नाहीत, वह्या शिवत राहिल्या.

बारक्या